घनता नव्हे, चढउतार: आदिम कृष्णविवरांबद्दलच्या दाव्याला उत्तर

‘महास्फोटानंतर विश्व इतकं दाट होतं की जागोजागी आपोआप कृष्णविवरं बनली. तीच कृष्णद्रव्य आहेत आणि लायगोने ती पकडलीही’ असा मजकूर बराच फिरतो आहे. (कृष्णद्रव्य म्हणजे न दिसणारं, फक्त गुरुत्वातून जाणवणारं द्रव्य; लायगो म्हणजे गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा.) झेल्डोविच आणि नोविकोव्ह यांनी १९६७ मध्ये आणि हॉकिंग यांनी १९७१ मध्ये मांडलेली आदिम, म्हणजे ताऱ्यांशिवाय विश्वाच्या सुरुवातीलाच बनलेल्या, कृष्णविवरांची ही कल्पना मोलाची आहे, म्हणूनच तिची अशी मोडतोड खटकते.

‘दाट होतं म्हणून बनली.’ नाही. विश्व एक सेकंदाचं असताना दर घनसेंटिमीटरमध्ये सुमारे ४५० किलो ऐवज होता, तरी ते कोसळलं नाही. श्वार्झशिल्ड त्रिज्येचं (वस्तुमान किती लहान जागेत दाबलं की कृष्णविवर होतं, याचं) सूत्र रिकाम्या, स्थिर परिसरातल्या गोळ्यासाठी आहे. इथे सगळीकडे सारखीच घनता आणि सगळंच प्रसरण पावणारं. सपाट विश्वात हबल त्रिज्येच्या (ज्या अंतरावर प्रसरणाचा वेग प्रकाशाएवढा होतो त्याच्या) आतल्या वस्तुमानाची श्वार्झशिल्ड त्रिज्या नेहमी तेवढीच भरते, अगदी आजही. मग आजचं विश्वही कृष्णविवर म्हणायचं का?

‘आपोआप.’ खरी गफलत इथे आहे. एखादा भाग सरासरीपेक्षा दाट असला, तरी क्षितिज (तोवर प्रकाश जिथवर पोहोचू शकतो ती मर्यादा) त्याच्याएवढं मोठं होईपर्यंत त्याच्या दोन टोकांना एकमेकांची खबरच नसते. ते झालं की गुरुत्व आत ओढतं आणि प्रारणाचा (प्रकाशासारख्या ऊर्जेचा) दाब बाहेर ढकलतो. हा दाब ऊर्जाघनतेच्या एक तृतीयांश असतो आणि त्याच्या लहरी प्रकाशाच्या ५८ टक्के वेगाने धावतात. त्यामुळे त्या वेळी जादा घनता साधारण ४० ते ६० टक्के असावी लागते. नेमका आकडा उंचवट्याच्या आकारावर ठरतो. थोडी कमी पडली, की तो भाग उसळून लाटेसारखा विरतो. जमलंच तर कृष्णविवराचं वस्तुमान क्षितिजातल्या वस्तुमानाच्या आसपास येतं: एक लाखांश सेकंदाला सुमारे एका सूर्याएवढं, एका सेकंदाला सुमारे एक लाख सूर्यांएवढं.

वैश्विक सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीत, म्हणजे सुरुवातीच्या विश्वातून उरलेल्या प्रकाशात, मात्र चढउतार दिसतात लाखात एक भाग. लहान अंतरांवर त्यांची शक्ती सुमारे एक कोटी पट वाढली तरच हिशेब जुळतो. तसं घडलं असू शकतं, पण त्यासाठी अगदी सुरुवातीच्या अतिवेगवान प्रसरणाच्या (इन्फ्लेशनच्या) काळात वेगळं काही व्हावं लागतं. शिवाय कृष्णद्रव्य भरून काढायला सुरुवातीला फार कृष्णविवरं लागतही नाहीत. प्रसरणात प्रारण कृष्णविवरांपेक्षा वेगाने विरळ होतं, त्यामुळे सूर्याएवढ्यांसाठी सुरुवातीच्या ऊर्जेचा अब्जावा हिस्सा पुरतो.

‘तीच कृष्णद्रव्य.’ मधल्या वस्तूचं गुरुत्व भिंगासारखं वागून मागचा तारा काही काळ उजळतो का, हे ओगल हा प्रकल्प पाहतो. त्याच्या वीस वर्षांच्या निरीक्षणांवरून २०२४ मध्ये दिसलं, की सूर्याच्या सुमारे पाच हजारांशापासून सहा पटींपर्यंतच्या वस्तू कृष्णद्रव्याच्या एक टक्क्याहून जास्त नाहीत. लघुग्रहांएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवरांची शक्यता मात्र अजून खुली आहे. तिथलं भिंग ताऱ्याच्या तबकडीपुढे फारच लहान पडतं, त्यामुळे ताऱ्याचं उजळणं जाणवत नाही.

‘लायगोने पकडली.’ १४ सप्टेंबर २०१५ ची जोडी सुमारे ३६ आणि २९ सूर्यांची होती, आणि जड मूलद्रव्यं कमी असलेल्या ताऱ्यांपासून अशी कृष्णविवरं बनू शकतात. निर्णायक ठरेल ते सूर्याहून कमी वस्तुमानाचं कृष्णविवर, कारण ते कोणताही तारा बनवू शकत नाही.