हे लाड नव्हेत : नानांवरच्या लेखाला आलेल्या एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी नानांबद्दल, म्हणजे माझ्या सासऱ्यांबद्दल, लिहिलं होतं. पक्षाघात होऊन त्यांना 14 महिने झाले. त्यांची वाचा आणि उजवा हात यांसाठी आम्ही घरी काय केलं आणि पुनर्वसन सेंटरवर सांगितलेल्यातलं काय सोडलं, हा त्या लेखाचा विषय. त्यावर ग्वाल्हेरच्या एका फिजिओथेरपिस्ट वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली. ती मी काढलेली नाही, काढणारही नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सांगितलेले व्यायाम सोडून घरचे उद्योग करणं धोक्याचं आहे. घरच्यांकडून होणाऱ्या पुनर्वसनाचा आपल्याच देशात मोठा अभ्यास झाला, त्यात फायदा दिसला नाही. सरकारी दवाखान्यात एकेका पेशंटची वेगळी आखणी करायला वेळ कुठून आणायचा? आणि मी एका ठिकाणी चुकीचं लिहिलं. शेवटचं वाक्य असं: "ताई, आपल्या भावना समजतात, पण याला पुनर्वसन म्हणत नाहीत, लाड म्हणतात."

चूक आधी कबूल करते. नानांच्या तोंडाचे स्नायू ढिले पडले म्हणून शब्द फुटत नव्हते, असं मी लिहिलं होतं. स्नायूंमुळे उच्चार बिघडतो त्याला डिसार्थ्रिया म्हणतात. नानांना झाला तो अफेजिया. जीभ चालते, आवाज निघतो, पण शब्द सापडत नाही. वाक्य दुरुस्त केलं आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

आता तुमचं ते वाक्य. मी ते रात्री वाचलं, सकाळी पुन्हा वाचलं. तुमचे बाकीचे मुद्दे मला राग न येता वाचता आले, हे वाक्य नाही आलं. हाच लेख नानांच्या मुलाने लिहिला असता तर "दादा, आपल्या भावना समजतात" असं तुम्ही लिहिलं असतं का? मी भावना लिहिल्या नव्हत्या. कोणत्या महिन्यात काय केलं, किती वेळ केलं, काय जमलं, काय जमलं नाही, ते लिहिलं होतं. एखाद्या बाईने घरातल्या आजारी माणसाबद्दल लिहिलं की ते आपोआप भावनांच्या खात्यात जमा करायचं, ही सवय बरी नव्हे.

आणि लाड म्हणजे काय, ते तरी सांगा. पहिले तीन महिने आम्ही इंदूरच्या लोकमान्य नगरातून रोज रिक्षा करून सेंटरवर गेलो. एकही दिवस चुकवला नाही. तिथली मुलगी पंचविशीची, मनापासून शिकवणारी. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिच्या हातात चित्रांची कार्डं असत. सेब, छाता, चाबी, घोडा. "बाबूजी, बोलिए, से..." नाना मान भिंतीकडे वळवत. रोज. तिसऱ्या आठवड्यात फायलीत शेरा पडला, पेशंट नॉन-कोऑपरेटिव्ह. त्याच फायलीत त्यांचा बार्थेल, म्हणजे रोजची कामं स्वतः किती जमतात याचे शंभरपैकी गुण, मात्र 45 वरून 70 वर गेला होता. तुम्ही याच क्षेत्रातले, तुम्हाला ठाऊक आहे की बार्थेलच्या दहा बाबींमध्ये जेवण आहे, अंघोळ आहे, जिना आहे, बोलणं नाही. म्हणजे कागदावर नाना सुधारत होते आणि घरात दिवसभर गप्प बसून होते. "हो" आणि "अरे", एवढे दोनच शब्द.

नाना 36 वर्षं तुकोजीराव क्लॉथ मार्केटात मुनीम होते. गिऱ्हाईक समोर उभं असतानाच कागदाला पेन न लावता बेरीज सांगायचे. पाचव्या महिन्यात, दिवाळीच्या आधी, मी खिडक्यांच्या पडद्यांचं बघत होते. तीन खिडक्या, प्रत्येकीला साडेतीन मीटर. हिशोबासाठी मोबाइल शोधत मी तोंडाने पुटपुटत होते, आणि मागून पलंगावरून आवाज आला, "साडेदहा."

स्वच्छ. चाचपडणं नाही, अडखळणं नाही. मी टेप खाली ठेवली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. विचारलं, "दोन औटे?" "सात." "चार औटे?" "चौदा." "पाच औटे?" ते म्हणाले, "साडेसतरा," आणि डाव्या हाताने डोळे पुसले. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. माझ्या पिढीत तो कोणाला येत नाही, मला आईमुळे थोडा येतो.

तुम्ही म्हणाल, पाढा म्हणजे बोलणं नव्हे. मान्य. मोजणी, प्रार्थना, शिव्या असं घोकलेलं बोलणं अफेजियातही शिल्लक राहू शकतं, हे ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज न्यूरोलॉजिस्टने एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवलं आहे. पण पहिलं "साडेदहा" घोकलेलं नव्हतं. मला कापड किती लागेल, याचं ते उत्तर होतं. सेब कोणालाच नको होतं. साडेदहा मीटर कापड खरोखर हवं होतं. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांना कोणी खरा प्रश्न विचारला होता, तोही नकळत.

तिथून पुढे आम्ही काम केलं, आणि त्याला मी काम हाच शब्द वापरणार. शनिवारी घरी येणाऱ्या एक स्पीच थेरपिस्ट आम्ही शोधल्या. त्यांनी नानांचं जुनं बिलबुक मागून घेतलं आणि त्यातून शब्दांची यादी केली. लठ्ठा, पॉपलिन, वायल, मांजरपाट. आकडा नानांनी सांगायचा, मग त्याला कापडाचं नाव जोडायचं, मग रंग. रोज पाऊण तास, सकाळी आणि संध्याकाळी. "सेब" न म्हणणारा माणूस सातव्या महिन्यात "मांजरपाट" म्हणाला. कुठे सेब आणि कुठे मांजरपाट, सोपा कोणता तुम्हीच ठरवा. भाषेचं म्हणाल तर आकडे मराठीत आले, पण दूधवाल्याला "कैसे हो" हिंदीत. आधी शिकलेली भाषा आधी परतते असं फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो म्हणाला, जास्त वापरातली परतते असं पित्र या फ्रेंच डॉक्टरने 1895 मध्ये मांडलं. नानांनी दोघांनाही थोडं थोडं खरं ठरवलं. हे आधी कोणी सांगू शकलं नसतं, समोर बसून बघावंच लागलं.

व्यायाम सोडण्याच्या धोक्याबद्दल. नक्की काय सोडलं, ते लेखात लिहिलं होतं, पण पुन्हा सांगते. सेंटरवर नानांच्या चांगल्या हाताला, डाव्या हाताला, जाड मोजा बांधून उजव्या हातानेच कामं करायला लावत. पद्धत चांगली आहे. 2006 साली छापून आलेल्या एक्साइट या अमेरिकन चाचणीत 222 पेशंटांवर तिचा फायदा दिसला. पण त्या चाचणीत ज्यांचं मनगट किमान 10 अंश तरी मागे वळत होतं आणि बोटंही थोडी उघडत होती, अशांनाच घेतलं होतं. नानांचं मनगट टेबलावरून कागदाच्या जाडीइतकंही उचलत नव्हतं. मोजा बांधला की दोन तास त्यांना पाणीही स्वतःच्या हाताने पिता येत नसे, चहा शर्टावर सांडायचा. आमच्या न्यूरोलॉजिस्टना विचारून मग ते बंद केलं, स्वतःच्या मनाने नाही. त्याऐवजी उजवा हात कापडाच्या गठ्ठ्यावर वजन टाकून ठेवायचा आणि डाव्याने मीटरपट्टी सरकवायची. व्यायाम कमी झाला नाही, बदलला. हा फरक तुमच्यासारख्या जाणकाराच्या नजरेतून सुटला, याचं नवल वाटतं. किंवा लेख पूर्ण वाचला नसेल.

आणि जितकं जास्त तितकं चांगलं, हेही दर वेळी खरं नसतं. 2015 च्या अ‍ॅव्हर्ट चाचणीत पक्षाघाताचे 2104 पेशंट होते. पहिल्या 24 तासांतच उठवून जास्त वेळा हालचाल करवलेल्यांपैकी 46 टक्के तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत होते, नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी 50 टक्के. नानांची वेळ वेगळी होती, हे मला कळतं. पण सांगितलेला एकही व्यायाम सोडू नये असा आग्रह धरताना हेही आठवावं.

तुम्ही म्हणता तो भारतातला अभ्यास, अटेंड, मी वाचला आहे. 2017 चा, 14 हॉस्पिटलं, 1250 पेशंट, सहा महिन्यांनी घरच्यांकडून पुनर्वसन झालेल्या आणि नेहमीची सेवा मिळालेल्या, दोन्ही गटांत 47 टक्के मृत किंवा परावलंबी. ठीक आहे. त्याची मुख्य मोजणी वाचेची नव्हती. सरकारी दवाखान्यातल्या गर्दीचं तुम्ही म्हणता ते खरं असेल, पण त्यावर मी लिहिलंच नव्हतं.

तुम्ही पुन्हा लिहिलंत तर वाचीन. शनिवारी सकाळी मात्र उत्तर देणार नाही, तेव्हा नानांची यादी असते. कापडं संपली, आता भाजी सुरू आहे, मापासकट. परवा "सवा किलो" आलं. कशाचं, ते अजून आलेलं नाही.