उरलेल्या नव्याण्णव जणी

नमस्कार दादा,

खेळांवरच्या माझ्या मागच्या लेखावर तुम्ही मन लावून लिहिलंत, तेव्हा उत्तरही नीट देते. तुमचं म्हणणं असं, की शंभर पोरींतून एखादी धावपटू कविता राऊत निघते, बाकी नव्याण्णव जणींची दहावी-बारावी मातीत जाते. वर आयपीएलपायी मोबाईलवर पैसे लावणारी पोरं पाहिली की ‘खेळाने समाज घडतो’ हे भाबडं वाटतं. म्हणून आठवीतल्या लेकीची कबड्डी नववीपासून बंद.

पैसे लावण्याबद्दल मी शंभर टक्के तुमच्या बाजूने आहे. त्यापायी आमच्या गल्लीत एका घरची गाडी विकली गेली. पण ती पोरं बघणारी. तुमची लेक खेळणारी आहे.

आता त्या नव्याण्णव. मी त्यांतलीच. आमचा शाळेचा खो-खोचा संघ बारा जणींचा, त्यातली एकही जिल्ह्यापुढे गेली नाही. खांबाला वळताना घसरून गुडघा सोलला की बाई तांब्याने पाणी ओतायच्या आणि म्हणायच्या, “ऊठ, दोन मिनिटं राहिलीत.” नववीत शाळेने खेळाचा तास काढून गणिताला दिला. निकाल होता तेवढाच राहिला, संघ मात्र मोडला. पेठकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या दोघींनी त्याच वर्षी शाळा सोडली. त्या मैदानासाठी येत होत्या आणि मैदानामुळे वर्गात बसत होत्या, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. मला ते अजून सलतं. उरलेल्यांपैकी एक पोलिसात आहे. एक पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकिंगवर साठ बायकांचं काम बघते. भांडण लागलं की मधे उभी राहते, आवाज न चढवता. शाळेत असताना पंचांशी ती अशीच बोलायची.

शंभरात एकच का निघते, याचंही बोलू. कविता आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची. 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरला कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. नौकानयनपटू दत्तू भोकनळ चांदवडच्या तळेगाव रोहीचा, दुष्काळी भागातला, विहिरी खोदलेला. वल्हं हातात आलं ते सैन्यात गेल्यावर. 2016 ला रिओ ऑलिंपिक, 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्ण. सैन्यात गेला नसता तर हे अंगात आहे हे त्याला स्वतःलाही कळलं नसतं. आपल्या जिल्ह्यात अंगात रग असलेली पोरं कमी नाहीत हो, त्यांना वेळेवर मैदान मिळत नाही.

दहावीची तुमची काळजी खरी आहे. पण बंद करू नका, वेळ कमी करा. दोन तासांचा सराव एक तासावर आणा, दहावीच्या वर्षी बाहेरगावच्या स्पर्धा टाळा, प्रशिक्षकांशी स्वतः बोला. ठरावीक पातळीवर खेळलेल्यांना बोर्डात सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, म्हणून प्रमाणपत्रं जपून ठेवा. तेवढ्यासाठीच मात्र तिला खेळवू नका.

आणि निर्णय घ्यायच्या आधी तिचा एक सामना पूर्ण बघा. एवढं मोठं लिहिलंत, पण एक गोष्ट त्यात नव्हती: ती चढाई करते, की कोपरा सांभाळते?