स्वेच्छा देणगी, रुपये पाचशे फक्त

समोर टेबलावर एक गुलाबी पावती पडली आहे. नाव माझं, रक्कम ५००, आणि तपशिलाच्या रकान्यात निळ्या शाईत ‘स्वेच्छा देणगी’. स्वेच्छा कुणाची, ते लिहिलेलं नाही. माझी तरी नव्हती. माझी फक्त स्कूटर होती. तिच्या पुढच्या चाकात साखळी होती, आणि त्या साखळीच्या कुलपाची किल्ली चौथ्या मजल्यावर सोसायटीच्या खजिनदारांकडे.

गेलो होतो फ्लॅट बघायला. ठाण्यातली तीस वर्षांची इमारत, चार मजले, बत्तीस बिऱ्हाडं. “मेंटेनन्स फक्त चौदाशे, साहेब!” असं एजंट तीनदा म्हणाला. खाली उतरलो तर वॉचमनने साखळी दाखवली, मग पाटी दाखवली: ‘बाहेरच्यांनी वाहन लावल्यास ५०० रु. दंड.’ पाटी माझ्या स्कूटरच्या मागेच होती. म्हणजे स्कूटर काढल्याशिवाय ती वाचता येत नव्हती आणि पैसे भरल्याशिवाय स्कूटर काढता येत नव्हती.

किल्लीसाठी लिफ्टचं दार ओढलं, तर आत प्लास्टिकच्या स्टुलावर एक आजोबा बसलेले. अंगात बंडी, खाली लेंगा, हातात उघडलेला पेपर.

“चौथा?” त्यांनी विचारलं. “मग बटण दाबा. मी नुसता प्रवासी आहे.”

“तुम्ही कुठल्या मजल्यावर?”

“तळमजला.”

लिफ्ट वर निघाली होती. मी विचारलं, “मग वर कुणाकडे चाललात?”

“कुणाकडेच नाही. वसूल करतोय.”

त्यांना सगळे अण्णा म्हणतात, हे नंतर कळलं. बावीस वर्षं ते तळमजल्यावर राहतात आणि बावीस वर्षं लिफ्टचे पैसे भरतात. सध्याचा दर महिना एकशे दहा रुपये. एकदा वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, आदर्श उपविधीतच (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांतच) आहे, लिफ्ट असलेल्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी तिचा खर्च सारखा भरायचा, वापरा नाहीतर वापरू नका. “म्हटलं, मग वापरतो!” रोज चार फेऱ्या. फेरी ब्याण्णव पैशांना पडते. “एकतीसचा महिना असला की नव्वदच्या खाली येते. फेब्रुवारी मात्र महागात जातो.”

चौथ्यावर कळलं, खजिनदार पूजेला बसलेत, वीस मिनिटं लागतील. अण्णांनी पेपरची घडी घातली. “या, खाली जाऊन येऊ. घेताय का इथे? मेंटेनन्स किती सांगितला?”

“चौदाशे.”

अण्णा एवढे हसले की लिफ्ट हलली. मग त्यांनी पेपरात खूण म्हणून घातलेलं स्वतःचंच बिल काढून माझ्या हातात दिलं. एजंटाने ‘सोमवारी बघू’ म्हटलेली गोष्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे मिळाली. बेरीज चौदाशेच होती. पण मेंटेनन्सच्या बिलात बेरीज सगळ्यात शेवटी बघायची असते. आधी बघायच्या दोन ओळी: सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक, आणि दुरुस्ती निधी. पहिल्यासमोर ४२ रुपये. दुसऱ्यासमोर आडवी रेघ.

“दुरुस्ती निधी मागच्या सभेत बंद केला,” अण्णा म्हणाले. “दुरुस्त्यांचा खर्च फार वाढला म्हणून.”

हे वाक्य मी अजून चघळतो आहे.

हिशोब असा असतो. जमिनीची किंमत सोडून फ्लॅटच्या बांधकामाला जो खर्च आला, त्याच्या वर्षाला किमान पाव टक्का सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत, असं उपविधी सांगतात. या सोसायटीने तीस वर्षांपूर्वीचा खर्च धरला, दोन लाख. पाव टक्का म्हणजे वर्षाला ५००, महिन्याला ४२. बत्तीस जणांचे वर्षाला सोळा हजार, तीस वर्षांचे चार लाख ऐंशी हजार आणि वर व्याज. एवढ्या पैशात इमारतीभोवती परांची उभी राहील. प्लॅस्टर, वॉटरप्रूफिंग आणि रंगासाठी मग माणशी लाख-दीड लाखाची मागणी येते, आणि ती येते तेव्हा फ्लॅट विकून गेलेला माणूस नवीन घरात पडदे लावत असतो. स्वस्त मेंटेनन्सची सोसायटी मला म्हणूनच भिववते. महाग सोसायटीत निदान पैसे कुठे जातात यावर भांडता येतं.

आणि जमा झालेले तरी जागेवर आहेत का? त्यासाठी लेखापरीक्षण झालेले तीन वर्षांचे ताळेबंद मागायचे. डावीकडे सिंकिंग फंड साडेसहा लाख आणि उजवीकडे मुदत ठेव दीड लाख असेल, तर मधले पाच लाख पाण्याच्या टँकरमध्ये आणि वॉचमनच्या पगारात जिरले. उजवीकडेच ‘सभासदांकडून येणे’ ही रक्कम फुगलेली दिसली, तर चौघे भरत नाहीत आणि बाकीचे त्यांचं पाणी भरतात. थकबाकीवर सरळव्याजाने २१ टक्क्यांपर्यंत आकारता येतं, पण थकवणारा अध्यक्षांचा मेहुणा असेल तर व्याजाचं गणित कुणालाच येत नाही. तुमच्या फ्लॅटवर बाकी नसल्याचं पत्र लेखी घ्या, कारण विकणाऱ्याची थकबाकी मिटेपर्यंत भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) तुमचं नाव चढत नाही. मागच्या दोन वार्षिक सभांचं इतिवृत्तही वाचा. मोठ्या दुरुस्तीचा ठराव झालेला असतो, बिल मात्र अजून निघालेलं नसतं. ते कुणी भरायचं हे करारनाम्यात न लिहिणारा माणूस दोन महिन्यांनी माझ्यासारखे लेख लिहितो.

लिफ्ट तळमजल्याला टेकली. अण्णांनी पुन्हा चारचं बटण दाबायला लावलं.

“नळ किती आहेत त्या फ्लॅटात?”

मी मोजले नव्हते.

“नळ न मोजता फ्लॅट बघितलात?” अण्णांच्या आवाजात खरं दुःख होतं. पाण्याचे पैसे नळांची संख्या आणि त्यांचा आकार यावर लागतात. अण्णांनी बाल्कनीतला नळ काढून तिथे लाकडी खुंटी ठोकली, सचिवांना बोलावून दाखवली, पंचनामा करवून घेतला आणि महिन्याला अठरा रुपये वाचवले. तुळशीला आता ते स्वयंपाकघरातून तांब्याने पाणी घालतात. “गुडघे दुखतात,” ते म्हणाले, “पण तत्त्व आहे.”

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं. एक बाई कुत्रा घेऊन उभ्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी निमूटपणे जिना धरला. ‘लिफ्टमध्ये प्राणी नेऊ नयेत’ असं आत चिकटवलेलं होतं. त्याखाली ‘सामान चढवणे-उतरवणे ३,००० रु.’, त्याखाली ‘अविवाहित भाडेकरू ठेवू नयेत’. मी जुन्या सवयीने खाली नोंदणी कार्यालयाचा शिक्का शोधला. सही होती, तीही सचिवांची आणि स्केचपेनने. उपविधीत बदल करायचा तर सर्वसाधारण सभेत दोन तृतीयांश मतं लागतात आणि वर सहकारी संस्थांच्या निबंधकांची मंजुरी. लॅमिनेशन केल्याने कायदा होत नाही. पण राहायचं या लॅमिनेशनखालीच असतं, म्हणून घर घेण्याआधी नोंदणीकृत उपविधींइतकाच लिफ्टचा पत्रा वाचावा.

अखेर खजिनदार भेटले. कपाळाला गंध, हातात पावतीपुस्तक. मी उपविधी आणि ताळेबंद मागितले.

“सभासद झालात की बघा.”

सभासद व्हावं की नाही हे ठरवायलाच बघायचे होते. पण कायद्याने कागद बघायचा हक्क सभासदाला आहे, गिऱ्हाइकाला नाही. एवढ्यापुरते ते बरोबर होते, आणि राग त्याचाच जास्त आला. रस्ता एकच: विकणाऱ्याकडून लेखी अर्ज द्यायचा. तो टाळाटाळ करायला लागला, तर तेही एक उत्तरच.

फ्लॅट नावावर करायचे, म्हणजे हस्तांतराचे किती, असं विचारल्यावर ते म्हणाले, “एक लाख. खुशीने.” महापालिका हद्दीत हस्तांतर अधिमूल्य (प्रीमियम) जास्तीत जास्त २५,०००, हस्तांतर फी ५०० आणि प्रवेश फी १००. वरचे चौऱ्याहत्तर हजार चारशे खुशीचे. भाड्याने दिला तर बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं) बिलातल्या सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे मी म्हणालो, तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा नीट निरखून पाहिलं. “वकील आहात?” “नाही.” “मग ना हरकत पत्राचे दहा हजार.” विक्रीला सोसायटीचं ना हरकत पत्र लागत नाही, असं उपविधी म्हणतात. कर्ज देणारी बँक मात्र म्हणते, आणा. या दोघांच्या मधे खजिनदार पावतीपुस्तक घेऊन उभे असतात.

“आणि स्कूटरचा दंड कुठल्या ठरावाने?” मी शेवटचा प्रयत्न केला.

“दंड?” ते दुखावले. “दंडाला ठराव लागतो हो. ही देणगी आहे.”

पाचशेची नोट दिली, किल्ली घेतली. बाहेर आलो तर लिफ्ट खाली गेली होती. अण्णांची पुढची फेरी चालू होती. जिन्याने उतरलो. दुसऱ्या मजल्यावरचा दिवा गेलेला होता आणि मी भिंत चाचपत पायऱ्या मोजत होतो. जिन्यातला दिवा सेवा शुल्कात येतो.