जरा बारीक करा की

काल सकाळी 11 च्या सुमाराला, कानाच्या दवाखान्यात, वीस-बावीस माणसांच्या देखत मला "ओ काका, हळू बोला, दवाखाना आहे हा," असं सांगण्यात आलं. मला! सहकारी बँकेच्या काउंटरवर 30 वर्षं बसलो, तेव्हा माझ्याविषयी एकच तक्रार यायची, की साहेब काय बोलतात ते काचेपलीकडं पोचत नाही. त्या मला. सांगणारी सिस्टर माझ्या मुलीपेक्षा लहान. आणि ज्याला हे सांगायला पाहिजे होतं, तो माझ्या शेजारी बसून केळं सोलत होता.

दवाखान्यात का गेलो होतो ते थोडक्यात सांगतो. बायकोचं म्हणणं, मी टीव्ही मोठा लावतो. माझं म्हणणं, ती बारीक बोलते. निकाल डॉक्टरांनी लावायचा असं ठरलं. संपलं.

आता तो माणूस. पासष्टीचा असेल. चौकड्याचा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायाशी भाजीची पिशवी. फोन कानाला नाही, पावाच्या स्लाइससारखा तोंडासमोर आडवा धरलेला, स्पीकर चालू. पलीकडं गडहिंग्लजचा मेव्हणा. विषय, मेव्हण्याच्या नव्या बाथरूमच्या टाइल्स. मेव्हणा टाइल्सच्या दुकानातच उभा होता आणि निर्णय इकडं कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या या दवाखान्यात व्हायचा होता.

"क्रीम नको लगा! क्रीमवर डाग दिसतोय. चिकू घे, चिकू!"

"दाजी, चिकू म्हंजे नेमका कुठला?"

"चिकू म्हंजे चिकू! फोडल्यावर दिसतोय त्यो!"

"आतला का भायला?"

यावर तो थांबला. प्रश्न खरोखरच अवघड होता. समोरच्या बाकावरच्या, कानावर पट्टी बांधलेल्या मावशी म्हणाल्या, "भायला नको, मातकट दिसंल." त्यांच्या शेजारचा कॉलेजचा पोरगा म्हणाला, "काका, ग्रे घ्या, आता ग्रे चालतंय." ग्रेवर दोन मतं पडली. एकूण वेटिंग रूमची बांधकाम समिती झाली, आणि मी एकटाच डोकं धरून बसलो होतो.

याला सांगायचं कसं? कोल्हापुरात माणसाला आवाज कमी करायला सांगणं ही साधी गोष्ट नाही. "आवाज खाली" म्हटलं की ते भांडणाचं निमंत्रण. "हळू बोला" म्हटलं की "का? कुणाची चोरी हाय?" "दमानं घ्या" म्हटलं की माणूस म्हणतो, "म्या कुठं तापलोय?" आणि मग तापतो. आमच्याकडं आवाज हा माणसाच्या अब्रूचाच भाग आहे. खासबाग मैदानात शेवटच्या पायरीवरनं आखाड्यातल्या पैलवानाला डाव सांगणाऱ्यांची ही जात. 1912 पासून ते मैदान इथं आहे. शंभर वर्षांच्या सरावानं गळा काय व्हायचा तो झालाय. पाहुणा आला की त्याला वाटतं दारात मारामारी चालू आहे. असतं काय, तर "चहा घेऊन जावा की!"

पण माझ्याकडं हत्यार होतं. आमची मुलगी पुण्यात नोकरी करते, तिचं ऑफिस अमेरिकेतल्या लोकांशी फोनवर चालतं. दिवाळीला घरी आली तरी लॅपटॉप होताच. एकदा मी दारातनंच विचारलं, "शेव खाणार का?" ते म्हणे टेक्ससमध्ये ऐकू गेलं. तिकडनं एक बाई म्हणाल्या, "शेव व्हॉट?" त्यांना वाटलं कुणीतरी दाढी करायला सांगतंय. त्या रात्री मुलीनं मला समोर बसवून, आवाज कमी-जास्त करायला सांगायची सभ्य इंग्रजी वाक्यं शिकवली. मी ती बँकेच्या जुन्या डायरीत उतरवून घेतली, कारण आपल्याला कुणी शिकवलं की उतरवून घ्यायची सवय आहे.

त्या वाक्यांचा अभ्यास केला तर इंग्रज माणसाविषयी बरंच कळतं. त्याला आत्ता, या क्षणी काहीतरी पाहिजे असतं, पण मागतो भूतकाळात. "आय वॉज वंडरिंग इफ यू कुड..." म्हणजे मी मघाशी असा विचार करत होतो, आता करत नाही, तुम्ही काळजी करू नका. "कॅन" म्हटलं तर उद्धट, "कुड" म्हटलं तर घरंदाज. ऐकू येत नसलं की तो घाबरतो, "आय ॲम अफ्रेड आय कान्ट हिअर यू." कशाला घाबरतो देव जाणे. मोठ्यानं बोलायला सांगायचं तर "स्पीक अप", आणि "स्पीक आउट" म्हटलं तर अन्यायाविरुद्ध बोला. एका शब्दाच्या फरकानं वेटिंग रूममध्ये मोर्चा निघायचा. "पाइप डाउन" कधीच वापरायचं नाही, ते उद्धट. जहाजावर रात्री शिट्टी फुंकून खलाशांना गप करायचे, तिथनं आलेलं. आणि सगळ्यांत सभ्य म्हणजे "वुड यू माइंड." ते डायरीत मी लाल शाईनं लिहिलंय.

घसा साफ केला.

"एक्सक्यूज मी."

"बोला की."

"वुड यू माइंड लोअरिंग युअर व्हॉइस अ लिटल?"

त्यानं फोन चार बोटं लांब केला. "काय म्हंटलासा?"

मी पुन्हा म्हटलं. त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. एक शब्द ओळखीचा निघाला होता.

"माइंड? छ्या छ्या! नो माइंड! अजाबात माइंड न्हाई. तुम्ही बसा की निवांत."

आणि पुन्हा फोन तोंडाशी. माझी खरी अडचण इथं आहे. व्याकरणानं बघितलं तर त्याचं उत्तर अगदी बरोबर होतं. "वुड यू माइंड" विचारल्यावर सभ्य माणसानं "नो" म्हणायचं असतं, म्हणजे माझी हरकत नाही, करतो. त्यानं "नो" म्हटलं. फक्त केलं नाही. याला चूक म्हणता येईना आणि बरोबर म्हणवेना.

तेवढ्यात तो फोनमध्ये ओरडला, "आरं दम जरा, हितं एक सर हायत, विंग्रजीत बोलायल्यात!" मग माझ्याकडं वळून, "सर, चिकूला विंग्रजीत काय म्हंत्यात ओ?"

आता कुणी सरळ प्रश्न विचारला की उत्तर द्यायचंच, ही माझी जन्माची खोड. "सपोटा," मी म्हटलं.

"सपोटा! लिवून घे! दुकानदाराला सांग, सपोटा कलर!"

"सपाट?"

"सपाट न्हवं रं, सपोटा! सपाट तर समद्याच असत्यात!"

मावशी हसल्या. पोरगा हसला. मीही हसलो असतो, पण मी तक्रारदार होतो.

यानंतर माझ्या हातून जी चूक झाली तिला मराठी भाषा जबाबदार आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडं "हळू" म्हणजे बारीक आवाजात आणि "हळू" म्हणजे सावकाश. पंखा हळू, टीव्ही हळू, गाडी हळू, बोलणं हळू. "जोरात"चं तेच, गाडीही जोरात, गाणंही जोरात. वेग आणि आवाज हे दोन वेगळे हिशेब आहेत हे आपल्या पूर्वजांना कधी महत्त्वाचं वाटलं नाही. डोक्यात "हळू बोला" होतं, घाईत तोंडातनं आलं, "प्लीज, स्पीक स्लोली."

हे त्याला कळलं. पूर्ण कळलं. माणूस मनानं चांगला. लगेच मान हलवली, आणि त्याच आवाजात, पण एकेक अक्षर सुटं करून बोलू लागला.

"चि... कू... घे... बा... बा..."

पलीकडं शांतता. मग मेव्हणा, घाबऱ्याघुबऱ्या, "दाजी? तब्येत बरी हाय न्हवं?"

"ब... री... हाय..."

"दाजी, जीभ जड झालीया का? त्वांड वाकडं झालंय का बघा! शेजारी कोण हाय? आक्काला लावू का फोन?"

"न्हा... ई... रं... स... रां... नी... सां... गि... त... लं... य..."

"कुठल्या सरांनी? डॉक्टर काय म्हंत्यात?"

गडहिंग्लजच्या त्या दुकानात काय गोंधळ उडाला असेल याची कल्पना करा. शेवटी मला फोन हातात घ्यावा लागला. एका अनोळखी माणसाला मी ओरडून सांगितलं, की तुमच्या दाजींना काही झालेलं नाही, मीच त्यांना सावकाश बोलायला सांगितलंय. "का?" मेव्हण्यानं विचारलं. या "का"ला माझ्या डायरीत वाक्य नव्हतं.

वेटिंग रूममध्ये या वेळेपर्यंत सगळेच ओरडून बोलत होते. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच कानाच्या डॉक्टरनं 1911 साली हे मांडून ठेवलंय. माणसाच्या कानात गोंगाट सोडला की तो आपोआप आवाज चढवतो, गोंगाट बंद केला की आवाज खाली येतो, आणि त्याचा त्याला पत्ताही नसतो. म्हणजे मेव्हण्यामुळं दाजी, दाजींमुळं मावशी, मावशींमुळं पोरगा, आणि सगळ्यांमुळं भिंतीवरचा टीव्ही. तो सिस्टरनं स्वतः उठून मोठा केला. मी बघितलं. ही गोष्ट मी विसरणार नाही.

आणि एकट्या त्या माणसावर तरी किती चिडायचं? ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली झाले. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. साधं समोरासमोर बोलणं 60 च्या घरात जातं. ती मर्यादा परिसरातल्या आवाजाची आहे हे मला कळतं, पण त्या हिशेबानं आमचं नवरा-बायकोचं "भाजी काय करू" हेसुद्धा नियमाच्या वरच भरतं. दुसरीकडं मिरवणुकीत डॉल्बी लागते, कपाटातली भांडी चालायला लागतात, छातीतला ठोका आपला राहत नाही. त्या डॉल्बीपुढं जाऊन "वुड यू माइंड" म्हणणारा माणूस मी अजून बघितलेला नाही. मीही गेलेलो नाही. खिडकी लावून घेतो आणि टीव्ही मोठा करतो. मग बायको म्हणते, तुम्हाला ऐकू येत नाही.

असो. माझा नंबर आला.

तपासणीची खोली म्हणजे फोन बूथएवढं कपाट. आत स्टूल, हेडफोन, हातात एक बटण. तपासणारी मुलगी म्हणाली, "काका, कितीही बारीक आवाज आला तरी बटण दाबायचं." दार लागलं. दाराच्या रबराला एका कोपऱ्यात फट होती. मी डोळे मिटून कान देऊन बसलो. एक बारीक, लांबनं आल्यासारखा आवाज आला. मी बटण दाबलं. पुन्हा आला. पुन्हा दाबलं.

मुलीनं दार उघडलं. "काका, मी अजून काही सोडलंच नाही."

"आवाज आला की."

"कसला?"

"सपोटा," मी म्हटलं.

तिनं बाहेर जाऊन काहीतरी सांगितलं. काय सांगितलं, कुठल्या भाषेत, ते मला कळलं नाही, पण बाहेर शांतता झाली. चौदाव्या वर्गापर्यंत शिकलेल्या माझ्या इंग्रजीला जे जमलं नाही ते त्या पोरीनं अर्ध्या मिनिटात केलं. माझा तक्ता निघाला: उजव्या कानाचे लाल गोल, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या. गोल बऱ्यापैकी सरळ रांगेत, फुल्या मात्र उजवीकडं घाट उतरल्यासारख्या खाली. आकडे डेसिबलचे, आणि आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी. उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात म्हणे. स, श, फ यांच्यासारखे. म्हणजे बायको "साखर संपली" म्हणते त्यातलं नेमकं काय संपलं ते मला कळत नाही, हे आता कागदावर आलं.

बाहेर आलो. जागा तीच राहिली होती, त्याच्या शेजारची. टाइल्सचं काम झालेलं दिसत होतं. फोन खिशात, हातात केळं.

"सर, काय निघालं?"

"थोडं कमी आहे," मी हळू म्हटलं. दोन्ही अर्थांनी हळू.

"आं?"

"थोडं कमी आहे म्हणतात."

त्यानं केळं मांडीवर ठेवलं, उजव्या कानामागं तळवा धरला आणि जवळ सरकला. "सर, माझंच कान गेल्यात. उद्यमनगरात पस्तीस वर्सं पंचिंग मशिनीवर हुतो. तवा कापूस घालायचो कानात, पर साहेब काय म्हंतोय ते ऐकू यायचं न्हाई, म्हणून काढून टाकायचो. वाईच मोठ्यानं सांगा की."

यात "कुड" नव्हतं, "माइंड" नव्हतं, भूतकाळ नव्हता. आणि मला नाही म्हणता येईना. त्याच्या कानाशी वाकलो आणि, माझा आवाज मलाच अनोळखी वाटला इतक्या जोरात, सांगितलं, "उजवा पंचवीस! डावा चाळीस!"

नेमका त्या वेळी टीव्ही बंद होता.

सगळी वेटिंग रूम माझ्याकडं वळली. मावशींनी पट्टीवर हात ठेवला. सिस्टर काउंटरवरनं उठली, आणि पुढचं मी पहिल्याच ओळीत सांगितलंय.

मी मान खाली घालून बसलो. त्यानं केळ्याचा अर्धा तुकडा मोडून माझ्यापुढं धरला.

"जाऊ द्या सर," तो म्हणाला. पार जिन्यापर्यंत ऐकू गेलं असेल. "माइंड करू नगा."

गुरुवारी साडेदहाला पुन्हा बोलावलंय. त्यालाही.