फॉर्म माझ्यासमोर का सरकवला?

दुपारपासून डोकं तापलंय. शांत झाल्यावर लिहायचं ठरवलं तर लिहिणारच नाही, म्हणून आत्ताच लिहितोय.

आज बायकोला पिस्तूल घ्यायचं होतं. आम्ही ह्यूस्टनजवळ केटीला राहतो, तिथून अर्ध्या तासावर एक मोठं दुकान आहे, तिथे गेलो. प्रश्न ती विचारत होती. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायला किती जोर लागतो, मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढायचं बटण अंगठ्याला पोचतं का, डाव्या हाताने चालवायची वेळ आली तर काय. तीन आठवडे वाचून, वहीत लिहून आणलेले प्रश्न होते. आणि काउंटरमागचा माणूस प्रत्येक उत्तर माझ्याकडे बघून देत होता! तिने स्लाइडचं दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा हसून म्हणाला, "काळजी करू नका, पिस्तूल भरून द्यायला नवरा आहे ना." मग खरेदीचा सरकारी फॉर्म, तो ४४७३, पेनासकट माझ्यासमोर सरकवला. त्या फॉर्मवर हो-नाहीचा पहिलाच प्रश्न काय, तर खरा खरेदीदार तुम्हीच आहात का. तिने फॉर्म उचलला, घडी न करता परत काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "चल." आम्ही निघालो.

भरून द्यायला नवरा. माझी बायको केमिकल इंजिनिअर आहे, गॅस प्लांटचं सेफ्टी ऑडिट करते. महिन्यातले दहा-बारा दिवस पेकोस, मोनाहान्स, कार्ल्सबाड, हॉब्स. ज्यांनी वेस्ट टेक्सास पाहिलेलं नाही त्यांना सांगतो, पेकोसच्या शेजारच्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसं भरली होती. चौसष्ट! आमच्या वाळव्याकडे एका गल्लीत त्याहून जास्त असतील. मोबाइलची रेंज येते-जाते, आणि शेरीफची गाडी यायची म्हणजे किती वेळ लागेल हे तो कुठे आहे त्यावर ठरतं. तिथे नवरा नसतो. नवरा पाचशे मैलांवर मुलाच्या डब्यासाठी पोळ्या लाटत असतो.

गेल्या फेब्रुवारीत काय झालं ते जवळच्या मित्रांना माहीत आहे, बाकीच्यांना आज सांगतो. रात्री एक चाळीसला फोन आला. पेकोसचं मॉटेल, तळमजल्याची खोली, दार थेट पार्किंगमध्ये उघडणारं. ती कुजबुजत होती, "अरे, दार कोणीतरी उघडतंय." फोनमधून मला ऐकू येत होतं. हँडल खाली, वर, परत खाली. मग खांद्याचा धक्का. आतली कडी लावलेली होती म्हणून दार बोटभर उघडून थांबलं. मी म्हणालो, बाथरूममध्ये जा, ९११ ला लाव. ती म्हणाली, "तुझा फोन ठेवू?" मला हो म्हणता येईना. ठेव म्हणालो शेवटी. पुढची अकरा मिनिटं मी स्वयंपाकघरात उभा होतो. नंतर फोनमध्ये बघितलं म्हणून अकरा हा आकडा माहीत आहे.

त्या अकरा मिनिटांचा परिणाम असा की पुढच्याच शनिवारी मी जाऊन तिच्यासाठी रिव्हॉल्व्हर घेऊन आलो. एकटा गेलो. तिला विचारलं नाही.

स्मिथ अँड वेसनचं ६४२. पाच गोळ्यांचं, आखूड नळीचं, साडेचारशे ग्रॅमच्या आत. दुकानात म्हणाले, बायकांसाठी हेच, साधं आणि हलकं, पर्समध्ये मावतं. मला पटलं, कारण मला काहीतरी पटवून घ्यायचंच होतं. घरी आणून तिच्या हातात दिलं. तिने बघितलं, "बरं" म्हणाली. नेमबाजीच्या रेंजवर पाच गोळ्या झाडल्या आणि खाली ठेवलं. अंगठा आणि तर्जनीच्या मधली कातडी लाल झाली होती. हलकी बंदूक मागे जास्त उसळते. वजन कमी म्हणजे धक्का खायला हाताशिवाय काही उरत नाही. वर त्याचा ट्रिगर ओढायला बारा पौंडांच्या आसपास जोर लागतो, आणि तो ओढताना नळीचं तोंड हलतं. हे सगळं मला नंतर कळलं. तिला पाच गोळ्यांत कळलं होतं. त्यानंतर सहा महिने ते तिजोरीत पडून राहिलं आणि ती तशीच पेकोसला जात राहिली. मी मात्र रात्री निवांत झोपायचो, कारण मी "सोय केली होती".

म्हणून त्या दुकानदारावर चिडताना निम्मा राग माझ्यावरचाच आहे, हे मान्य करतो. त्याने फॉर्म आज माझ्यापुढे सरकवला. फेब्रुवारीत मी तो कुणी न सरकवताच ओढून घेतला होता.

पण निम्माच. उरलेला त्याचाच आणि त्याच्यासारख्या सगळ्यांचा आहे. गुलाबी मुठीची पिस्तुलं काचेखाली मांडून ठेवायची आणि बाई दिसली की तिथे न्यायची. सगळ्यात छोटं ते बाईचं, हे कुणी ठरवलं? रुगरचं एलसीपी पाव किलोहून जेमतेम जास्त भरतं, खिशात जातं, कबूल. पण माझी बायको म्हणते तसं, ते हातात धरलं की करंगळी हवेत राहते आणि प्रत्येक गोळीनंतर मूठ नव्याने पकडावी लागते. छोटं पिस्तूल नवशिक्याला जास्त अवघड जातं, सोपं नाही, आणि ही गोष्ट विकणाऱ्यांना ठाऊक असते.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "आपल्या घरात बंदूक?" आमच्याकडे खंडेनवमीला बाबा पान्हे, करवत आणि विळा पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचे. शस्त्र म्हणजे तेवढंच आम्ही बघितलेलं. इथे आलो तेव्हाही तसंच होतं. एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असताना बंदूक बाळगणं फेडरल कायद्यानेच मना आहे, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडून, त्यामुळे तो विषयच नव्हता. ग्रीन कार्ड यायला आम्हाला बारा वर्षं लागली. तोवर "आपण पाहुणे, आपल्याला काय करायचंय" हे वाक्य अंगात मुरलेलं. यंदा खंडेनवमीला मुलाने विचारलं, आईचं रिव्हॉल्व्हर पूजेत ठेवायचं का? ती म्हणाली, "नाही. मी रोज वापरते त्याची पूजा." आणि लॅपटॉप, हेल्मेट आणि गॅस डिटेक्टर पाटावर ठेवला.

कुणी म्हणेल, घरात बंदूक आली की घरातल्यांनाच धोका वाढतो. असेल. मुलगा नऊ वर्षांचा आहे, मला ते विसरता येत नाही आणि विसरायचंही नाही. कुणी डॅलसजवळच्या ॲलनच्या आउटलेट मॉलमधल्या गोळीबाराची आठवण काढेल, ६ मे २०२३, आठ माणसं गेली, आपल्यातली एक तरुण मुलगीही त्यात होती. मला माहीत आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण ती सोमवारी पहाटे निघते तेव्हा तो वाद सुटायची वाट बघत बसणार नाही.

आणि हो, पेकोसच्या २८५ नंबरच्या हायवेवर वाळूचे ट्रक ज्या वेगाने येतात ते कुठल्याही चोरापेक्षा जास्त भीतीदायक आहेत, हेही खरं.

आता फेब्रुवारीच्या त्या रात्रीचं जे मी सहसा सांगत नाही ते सांगतो. दारावर होता तो चोर नव्हता. काउंटरवरच्या मुलाने एकाच खोलीच्या दोन किल्ल्या दिल्या होत्या. बाहेर होता तो बावीस-तेवीस वर्षांचा तेलविहिरीच्या रिगवरचा पोरगा, लांबलचक शिफ्ट करून आलेला, उभ्या उभ्या झोपत असलेला. त्याला वाटलं, दार अडकलंय. शेरीफचा डेप्युटी आला तेव्हा तो पायरीवर बसून रडायच्या बेतात होता. सकाळी नाश्त्याच्या टेबलाशी टोपी हातात घेऊन आला, हिच्याशी बोलताना मान वर करेना. हिने त्याला बसवलं, कॉफी दिली.

मला ही हकिकत सांगताना शेवटचा भाग गाळायची सवय लागली होती. कारण तो भाग सांगितला की माझ्या रिव्हॉल्व्हरच्या बाजूचा मुद्दा लंगडा पडतो. ती मात्र कधीच गाळत नाही. ऑगस्टमध्ये एका रात्री ती स्वतःहून म्हणाली, "तू फक्त दाराच्या या बाजूचा विचार करतोस. मी त्या पोराचाही करते. कडी तुटून तो आत आला असता आणि माझ्या हातात तुझं ते रिव्हॉल्व्हर असतं, तर?"

मी गप्प बसलो.

"मला शस्त्र नको असं नाही," ती म्हणाली. "पुढच्या वेळी खरंच कुणी असेल. पण मला आधी टॉर्च हवा. समोर कोण आहे ते दिसायला हवं. आणि झाडायची वेळ आली नाही तर न झाडता धरून ठेवता येईल असं पिस्तूल हवं."

मी सहा महिने गोळ्या किती, नळी केवढी, कुठे लपेल एवढाच विचार करत होतो. तिची यादी तिसरीकडूनच सुरू होत होती.

मग आम्ही नीट केलं. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. तरी तिने परवाना काढला, कारण तिला न्यू मेक्सिकोत जावं लागतं आणि तिथे टेक्सासचा परवाना चालतो. परीक्षेला पन्नास गोळ्या असतात, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून. अडीचशेपैकी एकशे पंच्याहत्तर गुण लागतात. तिला दोनशे एकतीस मिळाले. (माझी बहीण एडिसनला राहते. न्यू जर्सीत हा परवाना चालत नाही, म्हणून तिकडे जाताना पिस्तूल घरीच राहील.)

रेंजवर पिस्तुलं भाड्याने मिळतात. चार शनिवार गेलो. सिग पी३६५ मला हवं होतं. अर्धा किलोचं, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, २०१८ मध्ये आल्यापासून सगळे त्याचंच नाव घेतात. तिने झाडलं, छान म्हणाली, बाजूला ठेवलं. ग्लॉक ४३एक्स झाडलं. स्लाइड ओढताना मनगट दुखलं. शेवटी तिने निवडलं स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी, नाइन एमएम. आठच गोळ्या, वजन सहाशे ग्रॅमच्या वर. मी म्हणालो, जड आहे, मोठं आहे, लपणार नाही. तिने स्लाइड दोन बोटांनी मागे ओढून दाखवली. मॅगझिनला बाजूला एक छोटी खुंटी आहे, ती दाबली की गोळ्या अंगठा न सोलता भरतात. आणि मुठीच्या मागे एक पट्टी आहे. हात पूर्ण आवळला नाही तर ती दाबली जात नाही आणि ट्रिगर काम करत नाही. "अर्धवट झोपेत उचललं तर हे मला एकदा विचारेल," असं ती म्हणाली.

लपवण्याचं तिने आधीच ठरवलं होतं. पर्समध्ये नाही, काही झालं तरी. ३० डिसेंबर २०१४ ला आयडाहोत हेडन गावच्या वॉलमार्टमध्ये एका आईच्या पर्समधून तिच्या दोन वर्षांच्या मुलाच्या हाती पिस्तूल लागलं आणि ती जागच्या जागी गेली. खास पिस्तुलासाठी कप्पा असलेली ती पर्स तिला नवऱ्याने नाताळची भेट दिली होती. हे तिने मला वाचून दाखवलं आणि पुढे काही बोलली नाही. त्या नवऱ्याने तिच्या काळजीपोटीच घेतली असणार हो. मी तरी दुसरं काय केलं होतं?

कमरेला, ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) आणि जाड पट्टा. प्लांटच्या गेटच्या आत नेता येत नाही, तर गाडीत सीटच्या लोखंडाला तारेने बांधलेली पेटी. आणि ज्या बॅगेत पिस्तूल एकदा गेलं ती बॅग विमानाला कधीच न्यायची नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या विमानतळांच्या तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या, बहुतेक भरलेल्या. बॅगेत आहे हेच लोक विसरलेले असतात.

आज त्या दुकानातून निघाल्यावर ती गाडीत बराच वेळ बोलली नाही. मी मनात वाक्यं जुळवत होतो, परत जाऊन त्या माणसाला काय काय सुनवायचं. ती म्हणाली, "सोड. सिप्रेसला दुसरं दुकान आहे." तिथे काउंटरवर एक साठीच्या बाई होत्या. त्यांनी आधी तिचे हात बघायला मागितले, मग पिस्तूल उघडून, रिकामं असल्याचं दाखवून तिच्याकडे दिलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी एका बाजूला स्टुलावर बसून होतो आणि गेल्या कित्येक महिन्यांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. फॉर्म तिने भरला. ग्रीन कार्डचा नंबर तिला तोंडपाठ आहे, मला अजून बघून लिहावा लागतो.

मगाशी तीन मित्रांनी इनबॉक्समध्ये विचारलंय, "वहिनींनी कुठलं घेतलं? आमच्या हिच्यासाठी तेच घेऊन टाकतो." अरे, नका घेऊ. सिएटलला घर दाखवणाऱ्या वहिनींचे हात वेगळे, डॅलसहून रात्रपाळीला निघणाऱ्या नर्स वहिनींचे वेगळे. त्यांना रेंजवर न्या आणि तुम्ही मागे उभे राहा. नाहीतर सरळ हिला फोन करायला सांगा, रविवारी दुपारी ती घरी असते. सोमवारी पहाटे साडेचारला निघणार आहे. बॅग दाराशी आणून ठेवलीय, वरच्या कप्प्यात टॉर्च आहे.