खुलासा: अमेरिकी संसदेच्या समन्सपुढे कोर्टाचे हात बांधलेले आहेत का?

‘व्हाइट हाउसने काँग्रेसचं समन्स धुडकावलं तर कोर्ट काही करू शकत नाही, सुप्रीम कोर्टानेच 2020 मध्ये तसं सांगितलंय,’ असा मेसेज फिरतोय. (काँग्रेस म्हणजे तिकडची संसद, आपल्याकडचा पक्ष नव्हे.)

सुप्रीम कोर्टाने असं काही म्हटलेलं नाही. जुलै 2020 चा ‘मेझर्स’ निकाल काँग्रेसच्या समित्यांनी समन्स काढून मागवलेल्या ट्रम्प यांच्या खासगी आर्थिक कागदपत्रांचा होता. कोर्टाने तिथे दार लावलं नाही, चाळणी तेवढी बारीक केली, म्हणजे अशा समन्ससाठी निकष कडक केले.

मेसेजमागचं खरं प्रकरण बहुधा डॉन मॅकगॅन यांचं असावं. व्हाइट हाउसच्या या माजी वकिलांना एप्रिल 2019 मध्ये प्रतिनिधीगृहाच्या (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाच्या) समितीकडून समन्स निघालं. जिल्हा न्यायाधीशांनी ‘हजर व्हा’ म्हटलं. अपील कोर्टाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने 2 विरुद्ध 1 मतांनी ते उलटवलं. ऑगस्ट 2020 मध्ये पूर्ण पीठाने 7 विरुद्ध 2 ने ठरवलं, की प्रतिनिधीगृहाला दावा लावता येतो. त्याच महिन्यात तिघांचं पीठ पुन्हा म्हणालं, दावा लावायला कायद्यात तरतूदच नाही! शेवटी तडजोड झाली आणि मॅकगॅन यांची साक्ष झाली जून 2021 मध्ये, बंद दाराआड. तोवर ट्रम्प पायउतारही झाले होते.

म्हणजे अडचण अधिकारापेक्षा वेळेची जास्त.

आणि वॉटरगेट प्रकरणातल्या तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या टेप्सचा (ध्वनिमुद्रित संभाषणांचा) दाखला इथे देऊ नका. 1974 मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकला तो विशेष सरकारी वकील. त्याच टेप्ससाठीची सिनेट (काँग्रेसचं वरिष्ठ सभागृह) समितीची मागणी अपील कोर्टाने फेटाळली होती.