लोककला महोत्सवात सहकुटुंब कसे रमावे

लोककला महोत्सवाला निघालात? छान. मातीशी नाळ वगैरे जोडायला रविवारच बरा पडतो. परवाच एका जिल्ह्याच्या गावी असा अख्खा दिवस काढून आलोय, तेव्हा तुमच्या उपयोगी पडावं म्हणून चार गोष्टी सांगतो.

पत्रिकेत सकाळी दहा छापलं असेल तर साडेबाराला पोचा. तोवर स्टेजवर ‘हॅलो, माईक चेक’ हा एकमेव प्रयोग चालू असतो.

फेटा बांधा. चांगला उंच बांधा. मागच्या रांगेतल्यांनाही संस्कृती दिसली पाहिजे, स्टेज नाही दिसलं तरी चालेल.

पुढच्या सोफ्यांवर बसायचा विचारही करू नका. ते रिकामे राहण्यासाठीच आणलेले असतात.

वासुदेव दिसला की त्याची मोरपिसांची टोपी उतरवून पोराच्या डोक्यावर ठेवा आणि फोटो काढा. त्याने दानासाठी हात पुढे केला तर ‘आयोजकांनी दिलं असेल ना?’ असं हसून विचारा.

तारप्यावरचा आदिवासी नाच सुरू झाला की झुणका-भाकरीच्या स्टॉलकडे वळा. सगळे गोल फिरताहेत, एवढं पहिल्या मिनिटात कळलेलं असतंच. वाजवणारा सूर बदलतो तशी नाचणाऱ्यांची पावलं बदलतात, हे कळायला दुसऱ्या मिनिटापर्यंत थांबावं लागतं. एवढा वेळ कुणाला आहे?

लावणीला मात्र जागेवर हजर राहा. शिट्ट्या तयार ठेवा. निवेदक विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट सांगेलच : भर तमाशात बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. इथे कडाडून टाळी द्यायची. दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळालेल्या या बाईंना अखेरच्या आजारपणात दवाखान्याच्या बिलासाठी लोकांच्या मदतीवर अवलंबून राहावं लागलं, २००२ साली त्या गेल्या, हा भाग निवेदकाच्या कागदावर नसतो. असला तरी त्यावर शिट्टी कशी मारणार?

आता गोंधळ. हा शिकण्यासारखा विषय आहे, जरा सविस्तर सांगतो. गोंधळ मुळात रात्रभराचा. चौक मांडायचा, दिवटी पेटवायची, तुळजापूरच्या भवानीपासून एकेका देवतेला हाक मारून बोलवायचं आणि मग आख्यान लावायचं. महोत्सवात तो दुपारी सव्वातीनला ठेवावा. दिवटी पेटवू देऊ नये, मागच्या एलईडी पडद्याला धग लागते. पडद्यावर मात्र ज्वाळांचा व्हिडिओ लावावा. संबळ या जोडवाद्याचा माईक ढोलकीच्याच सेटिंगवर राहू द्यावा, म्हणजे जोडीतला बारीक संबळ खणखणतो आणि खर्जाचा ऐकूच येत नाही.

आणि वेळ? गोंधळी रात्रीच्या एस.टी.ने आलेले, सकाळपासून मंडपामागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. त्यांना पाऊण तास कबूल केलेला. त्याआधी सत्कार. स्वागताध्यक्षांचा, सहस्वागताध्यक्षांचा, मंडप देणाऱ्याचा, मंडप देणाऱ्याच्या वडिलांचा. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, फोटोसाठी पुन्हा एकदा पुष्पगुच्छ. प्रत्येकाचे ‘फक्त दोन शब्द’. शेवटी गोंधळ्यांच्या वाट्याला दहा मिनिटं. म्हातारबाबांनी जांभूळ आख्यान लावलं. खाली पडलेलं जांभूळ पुन्हा देठाला लावायचं, तर प्रत्येकाने मनातलं खरं सांगायचं. पाचही पांडव त्यांनी बिचाऱ्यांनी दोन मिनिटांत उरकले. आता द्रौपदी. तिच्या मनात कर्ण. तुणतुणं बारीक झालं, बाबांनी आवाज खाली आणला, मंडपात पहिल्यांदाच कुणी कुजबुजेना. आणि निवेदक माईकवर : ‘वेळेअभावी आपण इथेच थांबतोय, कारण माननीयांचं आगमन झालेलं आहे, जोरदार टाळ्या!’

टाळ्या पडल्या की हो! द्रौपदी तोंड उघडून उभी, जांभूळ अधांतरी आणि मंडप टाळ्या वाजवतोय.

आम्ही दोघं-तिघं ओरडलो, पूर्ण होऊ द्या म्हणून. बिल्ला लावलेला एक पोरगा येऊन म्हणाला, ‘काका, बसा ना, मागच्यांना दिसत नाही.’ माननीय चाळीस मिनिटं बोलले. विषय : लोककला लोप पावत आहे.

लोप पावत नाहीये ती. तुम्ही तिला स्टेजवरून उतरवताय, तेही माईकवरून जाहीर करून! मंडप देणाऱ्याच्या वडिलांना वेळ आहे आणि आयुष्यभर संबळावर काठ्या झिजवलेल्या माणसाला नाही? ज्येष्ठ कलावंतांना सरकार महिन्याला ५,००० रुपये मानधन देतं, तुमच्या टेबलावरचे सुकलेले पुष्पगुच्छ त्याहून महाग होते. थोडी तरी लाज बाळगा. आणि प्रेक्षकहो, तुम्हीसुद्धा. तुम्हाला ऐकायचं नव्हतं, तुम्हाला फेटा घालून तिथे दिसायचं होतं. घरीच काढायचा फोटो. मागचा पडदाही भाड्याने मिळतो.

पुढच्या वर्षी पत्रिका उलटी छापा. आधी आख्यान, द्रौपदीचं बोलून होईपर्यंत. सत्कार त्यानंतर, जे उरतील त्यांच्यासमोर. आणि गोंधळ्यांचं पाकीट त्याच संध्याकाळी त्यांच्या हातात द्या. ‘बिल मंजूर झालं की कळवतो’ हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.